बोटांनी वाचलेली फाईल

उमरखेडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत साजिदचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी दुपारी चारनंतर तिथं गिऱ्हाईक कमी आणि वाद जास्त. लॅपटॉप रोज बंद करावा की नुसतं झाकण लावावं, बॅटरी भरल्यावर पिन काढावी की राहू द्यावी, सारखं रिफ्रेश मारल्यानं मशीन खरंच पळते की बोटालाच बरं वाटते, असल्या प्रश्नांवर तिथं चहाचे तीन-तीन फेरे होतात आणि शेवटी जो तो आपापलंच मत घेऊन घरी जातो.

पंचफुलाबाई मुनेश्वर तिथं पहिल्यांदा गेल्या त्या गिऱ्हाईक म्हणून. नागपूरला असलेल्या मुलीनं, मैत्रेयीनं, आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला होता आणि तो फार हळू चालतो अशी त्यांची तक्रार होती. साजिद म्हणाला, रॅम वाढवावी लागेल. तिथं बसलेला संघदीप, जिल्हा परिषद शाळेतला तरुण मास्तर, म्हणाला की रॅमला काही अर्थ नाही, हार्डडिस्क बदला. दोघांची चांगलीच जुंपली. पंचफुलाबाई स्टुलावर पिशवी मांडीत घेऊन सगळं ऐकत होत्या. पाऊण तासानं त्या म्हणाल्या, "तुमी दोघंबी बरोबर असान. पण मले एवढं सांगा, मशीन हळू हाय हे तुमाले समजलं कसं? तुमी तर ते अजून सुरूच नाई केलं."

साजिदचे वडील जब्बारभाई दुकानाच्या मागच्या बाजूला एका शिलाई मशीनमध्ये डोकं घालून बसले होते. ते मोठ्यानं हसले. "बेटा, संभालके. ये बाईने आधे तालुके को टायपिंग सिखाया है."

त्या दिवसापासून रविवारच्या मंडळात एक खुर्ची पंचफुलाबाईंची झाली.

जब्बारभाई म्हणाले ते काही फार खोटं नव्हतं. पंचफुलाबाई ढाणकीच्या. वडील शेतमजूर. त्यांना स्वतःला सही करण्यापुरतंच लिहिता यायचं, पण पोरीच्या हातात लेखणी पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. दहावीनंतर पंचफुला रोज एसटीनं पुसदला जाऊन टायपिंग शिकली. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास झाली. लग्न होऊन उमरखेडला आल्यावर, सत्त्याऐंशी साली, चार जुनी मशीनं आणून तिनं 'प्रज्ञा टायपिंग इन्स्टिट्यूट' काढली. नवरा मारोतराव एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सुरुवातीला लोक म्हणाले, बाईजवळ कोण शिकाले येईन? मग येऊ लागले. तहसील, कोर्ट, पंचायत समिती, भूविकास बँकेचं ऑफिस, कुठंही जा, टेबलामागून कुणीतरी उठून "या बाई" म्हणायचंच.

त्यांची शिकवण्याची रीत कडक होती. मशीनच्या किल्ल्यांवर पत्र्याचं झाकण ठेवायच्या. पोरानं हात झाकणाखाली घालायचे आणि समोरच्या कागदाकडे पाहायचं. "किल्ल्याईकडं पाहाचं नाई," त्या म्हणायच्या, "बोटालेच डोळे फुटले पाहिजे." वाक्याआधी शब्द, शब्दाआधी अक्षर, आणि अक्षराआधी बोट. कोणतं अक्षर कोणत्या बोटाचं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

ती मशीनं बिघडली की जब्बारभाई यायचे, मांडी घालून बसायचे आणि अक्षरांची एकेक काडी सरळ करून द्यायचे. पुढं कॉम्प्युटर आले. परीक्षाही कॉम्प्युटरवर गेली. दोन हजार पंधराच्या सुमारास इन्स्टिट्यूट बंद पडली. मशीनं भंगारात गेली. एक तेवढं जब्बारभाईंनी जाऊ दिलं नाही. "इसका हाथ अच्छा है," असं म्हणून त्यांनी ते साफ करून, तेल घालून पंचफुलाबाईंच्या घरी परत आणून ठेवलं. तेव्हापासून ते चादरीखाली होतं, आणि पंचफुलाबाईंना कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "ते इल्लम, ते कसब आता कोणाच्या कामाचं?"

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रामसिंग राठोड एक जुना, पिवळा पडलेला सीपीयू गोणपाटात गुंडाळून दुकानात घेऊन आले. रामसिंगभाऊ शेती करतात, पण मंडळातले जुने सभासद. जुनी मशीनंच टिकाऊ असतात, हा त्यांचा ठरलेला मुद्दा. त्या दिवशी मात्र ते वाद घालायला आले नव्हते.

"धनसिंगदादाचा होय," ते म्हणाले. "माळ्यावर होता. त्यानं याच्यात विहिरी लिहून ठेवल्या होत्या."

धनसिंग त्यांचा थोरला भाऊ. पाटबंधारे खात्यात मोजणीदार होता. दोन हजार नऊ साली वारला. नोकरीच्या फिरतीत त्याला एक नाद लागला होता. ज्या गावात, ज्या तांड्यावर जाईल तिथल्या विहिरीवर जायचं, काठावर बसायचं, दोरी सोडून खोली मोजायची, पाणी चाखायचं, ती कुणी खोदली ते म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. घरी येऊन हे सगळं तो रात्रंदिवस कॉम्प्युटरवर उतरवायचा. घरचे लोक हसायचे. आता त्या विहिरींपैकी कितीतरी बुजल्या होत्या, आणि तांड्यावरची विचारायची माणसंही गेली होती.

साजिदनं डबा उघडला, आतली धूळ फुंकली, हार्डडिस्क काढून वायरनं आपल्या मशीनला जोडली. ती कुरकुरली, थांबली, आणि पुन्हा फिरू लागली. एका फोल्डरमध्ये एकच मोठी फाईल होती. साजिदनं ती उघडली.

स्क्रीनभर इंग्रजी अक्षरांचा चिखल झाला होता. मध्येच चौकोनी कंस, अर्धविराम, मोठी अक्षरं, लहान अक्षरं. शब्द म्हणावा असा एकही नाही.

"गया," साजिद म्हणाला. "करप्ट झाली भाऊ. पंधरा-सोळा वर्सं माळ्यावर होती, उन्हानं डिस्क तापते. आता हे नुसतं कचराच हाय."

रामसिंगभाऊंनी गोणपाटाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

पंचफुलाबाई चष्मा लावून स्क्रीनजवळ सरकल्या. कचरा असला तरी तो पाहावासा वाटला. त्यांना एक गोष्ट खटकली. तीच ती सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येत होती. दर सात-आठ ओळींनी: एल, जे, डी, के, जे, एच.

"साजिद, कचरा असा एकसारखा असते काय रे?"

"कसा?"

"कचऱ्यात तेच ते अक्षर तसंच्या तसं काहून येईन? थांब, खाली घे. हे पाय. अन् हे पाय."

त्या अक्षरांकडे पाहता पाहता त्यांचा उजवा हात टेबलावर आला. करंगळीजवळचं बोट खाली टेकलं. मग तर्जनी. मग डाव्या हाताचं मधलं बोट. उजव्याचं मधलं. पुन्हा तर्जनी, आणि तीच तर्जनी जराशी आत सरकून. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांचे हात थांबले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "हे तं 'सरकारी' होय."

"काय?"

"सरकारी! स, र, क, काना, र, दीर्घ वेलांटी. दुसऱ्या महिन्याच्या पोराले मी हाच शब्द द्यायची. अक्षरं इंग्रजी हायेत, पण बोटं मराठीची हायेत!"

कुणालाच काही कळेना. जब्बारभाई उठून पुढं आले. पंचफुलाबाईंनी साजिदच्या कीबोर्डवर हात ठेवला आणि दाखवलं: ही जागा 'एल'ची, पण मराठी मशीनवर या जागी 'स' असतो. ही 'जे'ची, इथं 'र'. धनसिंगनं टाईप केलं होतं मराठीच, फक्त मशीनला ते मराठी म्हणून दाखवता येत नव्हतं.

"सरकारी विहीर," रामसिंगभाऊ हळूच म्हणाले. "दादा सरकारी विहीर अलग लिहित जाय."

तेवढ्यात पुसदच्या गाडीनं आलेला संघदीप दुकानात शिरला. "जयभीम बाई. काय चाललं?" त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं बॅग तशीच खाली टाकली. "फॉन्टचा प्रॉब्लेम होय हा! जुने फॉन्ट असेच असत. माझ्याजवळ हाय, आत्ता लावतो." त्यानं पेनड्राईव्हमधून जुना, सगळीकडे चालायचा तो फॉन्ट काढून फाईलला लावला. क्षणात स्क्रीनवर देवनागरी उमटली. रामसिंगभाऊ खुर्चीतून अर्धे उठले.

आणि परत बसले. 'सरकारी' नीट आलं होतं. 'काका' नीट आलं होतं. पण बाकीचं अर्धं पान म्हणजे दात पडलेल्या माणसाचं बोलणं. निम्मे शब्द ओळखू येत होते, निम्म्यांत भलतीच अक्षरं घुसली होती.

"म्या म्हटलं होतं," साजिद म्हणाला. "अर्धी करप्ट हाय."

"करप्ट नाई, फॉन्ट दुसरा हाय."

"मंग लाव ना दुसरा!"

संघदीपनं होते तेवढे सगळे लावून पाहिले. एकही पूर्ण बसला नाही. तो वाद पुढचे सात दिवस मोबाईलच्या ग्रुपवर चालला. पंचफुलाबाईंनी मात्र त्या कचऱ्याची पहिली तीन पानं जशीच्या तशी छापून मागितली आणि पिशवीत घालून घरी नेली.

घरी त्यांनी मशीनवरची चादर काढली. शाईची फीत वाळून कडक झाली होती. जब्बारभाईंनी जुन्या डब्यातून एक शोधून दिली, तिच्यावर तेलाचे थेंब सोडले आणि "चल जायेगी" म्हणाले. पंचफुलाबाईंनी एका बाजूला लॅपटॉप ठेवला, दुसऱ्या बाजूला टायपिंगचं मशीन. कागदावरचं इंग्रजी अक्षर पाहायचं, लॅपटॉपवर ते कोणत्या जागेवर आहे ते पाहायचं, आणि टायपिंग मशीनवर त्याच जागेची किल्ली हाणायची. पहिली ओळ फार हळू झाली. चौथ्या ओळीला लॅपटॉपकडे पाहायची गरज उरली नाही.

खडखडाट ऐकून मारोतराव अंगणातून आत आले. "काय वो, इन्स्टिट्यूट पुन्हा सुरू केली काय?"

"बसा इथं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "वाचा हे."

मारोतरावांनी कागद वर करून वाचलं. "सरकारी विहीर. खोली अठरा हात. पाणी चैत्रापर्यंत. चव गोड. काठावर उंबर, त्याची मुळं आत उतरली आहेत." त्यांनी कागद खाली ठेवला. "हे कोणाचं होय?"

"मेलेल्या माणसाचं," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि त्यांना एकदम असं वाटलं की धनसिंग राठोड शेजारी बसून सांगतो आहे आणि आपण टाईप करतो आहोत. हात मात्र थांबले नाहीत.

दुसऱ्या पानावर उलगडा झाला. हिंदीच्या मशीनवर आणि मराठीच्या मशीनवर मधली रांग बरीचशी सारखी असते, पण कडेच्या कितीतरी किल्ल्या वेगळ्या. संघदीपचा फॉन्ट हिंदीच्या मशीनवरून बेतलेला होता. धनसिंगचा मराठीच्या मशीनवरून. कुण्या लहानशा कंपनीनं तो काढला असावा, जी कधीच बंद पडली. इंटरनेटवर त्याचा मागमूस नव्हता. पण त्याची मांडणी पंचफुलाबाईंच्या दहा बोटांत होती.

पुढच्या रविवारी त्यांनी एक वही नेली. डाव्या बाजूला इंग्रजी अक्षर, उजव्या बाजूला मराठी. मधल्या रांगेपासून कडेपर्यंत, सगळं.

"फाईल साठ पानाची हाय," त्या म्हणाल्या. "मी सगळी हातानं उतरवतो. उन्हाळ्यापर्यंत होईन."

"बाई, कायले एवढी मेहनत?" संघदीप वही हातात धरून म्हणाला. "हे तुमी दिलं ना, आता मी प्रोग्रॅम लिहितो. हे अक्षर आलं की ते लिही, बस. साठ पानं एका मिनिटात."

"मशीन को क्या समझता?" जब्बारभाई मागून म्हणाले. "हाथ का काम हाथ से करो. एक अक्षर गलत बैठा तो कुआँ दूसरे गाँव में चला जायेगा."

"अब्बा, आदमी बी गलती करता है," साजिद म्हणाला. आश्चर्य म्हणजे या वेळी तो संघदीपच्या बाजूनं होता.

वाद रंगला. पंचफुलाबाई मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकल्या होत्या. "संघदीप, मले एक सांग. मशीनच्या पोटात अक्षर कसं राहते? 'एल' राहते का 'स' राहते?"

"दोन्ही नाई. तिथं नुसता नंबर राहते. एकशे आठ."

"म्हणजे तिले 'स' माहीतच नाई?"

"तिले 'एल'बी माहीत नाई. तिले फक्त एकशे आठ माहीत. त्या नंबरवर कोणतं चित्र काढाचं ते फॉन्ट सांगते."

चहा आला, थंड झाला. मग पंचफुलाबाई म्हणाल्या, "म्हणजे फॉन्ट म्हणजे माझ्या मशीनच्या काडीवरचा ठसा. काडी तीच, ठसा बदलला की अक्षर बदललं. असंच ना? मंग धनसिंगभाऊचं काही बिघडलंच नव्हतं. नंबर सारे जागच्या जागी हायेत. नुसते ठसे हरवले." त्यांचा चेहरा असा उजळला की वाद घालणारे सगळेच थांबले.

शेवटी त्यांनीच तोड काढली. पहिली दहा पानं त्या हातानं उतरवणार. संघदीपचा प्रोग्रॅमही तीच दहा पानं उतरवणार. मग त्या लाल पेननं तपासणार. "परीक्षा होऊ द्या. पास झाला तं पुढचं त्याले देऊ."

प्रोग्रॅम पहिल्या परीक्षेत सपशेल नापास झाला. पंचफुलाबाईंनी पानं लाल करून परत आणली. "सर, तुमच्या पोराले ऱ्हस्व वेलांटी येत नाई," त्यांनी संघदीपला सांगितलं. खरंच, 'विहीर'मधली पहिली वेलांटी 'व'ला सोडून मागं लोंबकळत होती. 'पिंपळ', 'किती', 'शिवार', सगळीकडे तेच.

संघदीपनं डोकं खाजवलं. कॉम्प्युटरला आता नव्या पद्धतीनं 'व' आधी द्यावा लागतो आणि वेलांटी नंतर. धनसिंगच्या फाईलमध्ये वेलांटी आधी होती.

"आधीच असणार ना!" पंचफुलाबाई म्हणाल्या. "मशीन डावीकडून उजवीकडं लिहिते. वेलांटी 'व'च्या डावीकडं. ते आधीच हाणावं लागते, नाई तं मागं कसं येशील?"

"पण आपण बोलतो तवा 'व' आधी बोलतो, 'इ' मंग. नवीन मशीन बोलतो तसं ठेवते."

"लिहितो कसं, मंग?"

"लिहितो वेगळं, बोलतो वेगळं."

यावर दोन रविवार गेले. अक्षराची खरी जागा कोणती, हाताला दिसते ती की कानाला ऐकू येते ती? साजिद हाताच्या बाजूनं, संघदीप कानाच्या. रामसिंगभाऊंनी एकदा उठून सगळ्यांना कोऱ्या कागदावर 'विहीर' लिहायला लावलं आणि कोण वेलांटी आधी काढतो ते वाकून पाहिलं. जब्बारभाईंनी 'व' आधी काढला, पंचफुलाबाईंनी वेलांटी. तेवढ्यानं काहीच ठरलं नाही. पण संघदीपनं प्रोग्रॅमला वेलांटी उचलून पुढच्या अक्षरानंतर ठेवायला शिकवलं, मग जोडाक्षरात पुन्हा अडला, मग रफारात, आणि दर वेळी पंचफुलाबाईंची लाल पेनाची पानं घेऊन घरी गेला. त्या आता नुसत्या तपासत नव्हत्या. प्रोग्रॅममध्ये कुठल्या ओळीनं काय होतं ते शेजारी बसून विचारत होत्या. तिसऱ्या आठवड्यात रफाराची अट त्यांनीच सांगितली आणि ती चालली.

साठही पानं उतरली तेव्हा मार्च लागला होता. विहिरी निघाल्या दोनशे चौदा. पंचफुलाबाईंनी शेवटचा हात फिरवून प्रत रामसिंगभाऊंच्या हातात दिली. ते तिथंच वाचायला बसले. मध्येच त्यांनी बोट एका जागी ठेवलं.

"बाई, हे 'गाडीर बावडी' काय होय?"

"मले वाटलं गाडीरस्त्याची असन. मुळात 'याडीर' होतं. धनसिंगभाऊची चूक असन म्हणून मी दुरुस्त केलं. अकरा ठिकाणी होतं."

रामसिंगभाऊंनी चष्मा काढला. "बाई, आमच्या बंजाऱ्याच्या गोर बोलीत याडी म्हणजे माय. याडीर बावडी. मायची विहीर."

पंचफुलाबाईंनी टेबलावर दोन्ही अक्षरांची बोटं टेकून पाहिली. 'य' उजव्या करंगळीचा, 'ग' डाव्या हाताचा. एका हाताची चूक दुसऱ्या हातात जात नसते, हे त्यांनीच दोन हजार पोरांना शिकवलं होतं. बोटानं बरोबर वाचलं होतं. डोक्यानं बदललं होतं. मास्तरकीची सवय, दुसऱ्याचं लिहिणं दिसलं की सुधारायचं.

"माफ करा भाऊ," त्या म्हणाल्या. "सारी फाईल पुन्हा मुळाशी लावून पाहातो. आणखी कुठं शहाणपण केलं असन तं तेबी काढतो."

आणखी सोळा जागा निघाल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांनी धनसिंगचा शब्द परत ठेवला. ज्यांचा अर्थ त्यांना कळत नव्हता, तिथं रामसिंगभाऊंना विचारून समासात पेन्सिलनं अर्थ लिहिला. शब्दाला हात लावला नाही.

आणि मग याडीर बावडीची नोंद नीट वाचली गेली. धनसिंगनं लिहिलं होतं: तांड्याच्या उत्तरेला नाल्याकाठी. खोली बावीस हात. बहात्तरच्या दुष्काळात तांड्यातल्या सहा बायांनी मिळून खोदली. पुरुष कामाला दूर गेले होते. त्यात आमची याडी, सुखीबाई. पाणी जेठापर्यंत. चव किंचित खारी. आता कोणी भरत नाही.

रामसिंगभाऊंनी ते तीनदा वाचलं. त्यांचा जन्मच दुष्काळाच्या आगंमागंचा. नाल्याकाठी विहीर आहे एवढं त्यांना माहीत होतं, लहानपणी तिकडं जाऊ देत नसत. ती आपल्या आईनं खोदली, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आईनंही नाही.

"कायले नसन सांगतलं?" त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी दुकान बंद ठेवून सगळे रामसिंगभाऊंच्या जीपनं तांड्यावर गेले. विहिरीभोवती घाणेरीची झुडपं माजली होती. रामसिंगभाऊंनी आणि साजिदनं कोयत्यानं वाट केली. जब्बारभाई दुरूनच "आहिस्ता, आहिस्ता" करत राहिले. काठाचे दगड ढासळले होते, पण आतला घेर शाबूत होता, एकेक दगड हातानं बसवलेला. खाली काळसर पाणी चमकत होतं. संघदीपनं मोबाईलवर एक ॲप काढलं, दगड पडायला किती वेळ लागतो त्यावरून ते खोली सांगतं म्हणे. साजिद म्हणाला, ते ॲप झूठ बोलते. तिथल्या तिथं वाद पेटला.

रामसिंगभाऊंनी दोरी आणली होती. त्यांनी दगड बांधून ती सोडली, तळ लागल्यावर खूण केली आणि वर ओढून हातानं मोजली. एकोणीस हात भरली. तीन हात गाळानं खाल्ले असावेत. मग त्यांनी बादली सोडली. पंचफुलाबाईंनी ओंजळभर पाणी घेतलं, वास घेतला, जिभेला लावलं.

"खारं हाय," त्या म्हणाल्या. "जरासंच."

फाईलचं पुढं काय करायचं यावर मंडळात बरीच चर्चा झाली. संघदीप म्हणाला, इंटरनेटवर ठेवा, कधी हरवणार नाही. साजिद म्हणाला, दोन पेनड्राईव्ह करा. जब्बारभाईंचा भरवसा फक्त कागदावर. वीस वर्षांनी कोणती वस्तू उघडेल आणि कोणती नाही, हे छातीठोकपणे सांगता येणारा त्यांच्यात एकही नव्हता, म्हणून त्यांनी तिन्ही केलं. एक छापील प्रत तालुक्याच्या वाचनालयात गेली, एक तांड्याच्या शाळेत. रामसिंगभाऊंनी त्या उन्हाळ्यात तांड्यातल्या माणसांना बोलावून बावडीतला गाळ उपसायला घेतला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. राळेगावहून एका निवृत्त मुख्याध्यापकांनी शाळेच्या जुन्या स्मरणिकेची सीडी पाठवली. एका वकिलाची मुलगी वडिलांची पत्रं घेऊन आली. बहुतेक फाईली संघदीपच्या नेहमीच्या फॉन्टनं उघडतात. ज्या उघडत नाहीत, त्या पंचफुलाबाईंकडे येतात. साजिदनं खिडकीजवळ त्यांना एक टेबल दिलं आहे. मारोतराव रविवारी चार वाजता त्यांना गाडीवर सोडतात आणि सहाला घ्यायला येतात, आणि बहुतेक वेळा पाऊण तास बाहेर उभे राहतात.

मागच्या आठवड्यात मुकुटबनकडचे एक गृहस्थ पेनड्राईव्ह घेऊन आले. फाईल उघडली. पंचफुलाबाईंनी टेबलावर बोटं ठेवली आणि एक ओळ चालवून पाहिली. काहीच आलं नाही. दुसरी ओळ. तरी काही नाही. ही मांडणी त्यांच्या ओळखीची नव्हती.

"करप्ट असन," साजिद म्हणाला.

"चूप रे," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, वहीचं कोरं पान उघडलं, आणि त्या गृहस्थांना विचारलं, "दादा, हे लिहिणारा माणूस टायपिंग कुठं शिकला होता?"